सरांची सहा एकर, तुमची मेहनत : वाट्याने घ्यायची की खंडाने?

पारनेर तालुक्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न आहे. घरची दोन एकर. बांधाला लागून सहा एकर गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांची, ते आता पुण्यात मुलाकडे असतात. विहीर आहे, साडेसात एचपीचा पंप आहे, जमीन बरीचशी पडून आहे. सर म्हणतात, "अर्धेलीने कर, कागद कशाला हवा?" त्यांचा मुलगा म्हणतो, "खंडाने द्या, अकरा महिन्यांचा करार करा, नाहीतर कूळ लागेल." या शेतकऱ्याला उन्हाळ कांदा करायचाय, पुढे डाळिंबाचाही विचार आहे. वाटा (पिकातला हिस्सा) बरा की खंड (जमिनीचं ठरलेलं भाडं), कागद कसा करायचा, पीककर्ज आणि विमा मिळेल का, आणि दुसऱ्याच्या रानात शेणखत घालणं शहाणपणाचं आहे का, असं त्याने विचारलंय.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली, शेवटची वर्षं मंडळ अधिकारी म्हणून. वहिवाटीची भांडणं टेबलापलीकडून पाहिली, आणि आता स्वतःची जमीन वाट्याने देतो, त्यामुळे टेबलाची ही बाजूही कळते. थोडक्यात सांगतो. पहिला हंगाम दोन एकरच घ्या. पटलं तर सहाच्या सहा एकरांचा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा. निव्वळ खंड नको आणि जुन्या पद्धतीची निम्म्या वाट्याची अर्धेलीही नको. थोडा पक्का खंड ठेवा आणि चांगल्या वर्षी त्यावर वाटा द्या.

आधी कुळाची भीती, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा कायद्याने तिच्यावर हक्क सांगेल ही भीती, कारण ती मनात असेल तोवर सर सही करणार नाहीत.

महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र आणि कोकणाला तो लागू आहे. मराठवाड्याला हैदराबाद संस्थानातला १९५० चा, विदर्भाला १९५८ चा वेगळा, पण गाभा सारखाच. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. आपल्या भागातल्या प्रत्येक जुन्या घरात या दिवसाची एक तरी कहाणी असते, कुणाची जमीन मिळाल्याची, कुणाची गेल्याची. सरांच्या मुलाची भीती तिथूनच आलेली आहे.

पण गावात या भीतीचे दोन समज पसरलेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिला समज असा की वाट्याने दिली तर कूळ लागत नाही, फक्त खंडाने दिली तर लागतं. कायदा तसं म्हणत नाही. 'स्वतः कसणे' याच्या व्याख्येत मालक गडी लावून, मजूर लावून स्वतःच्या देखरेखीखाली कसू शकतो. पण त्या गड्याचा मोबदला रोख किंवा धान्यात हवा, पिकाच्या वाट्यात नको. हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. म्हणजे नुसता वाटा ठरवला की मालक सुरक्षित, असं नाही. उलट वाटेकरी हा मजूर नाही, हे कायदाच सांगतो.

दुसरा समज असा की कुणी वर्षभर जमीन कसली की ती आपोआप त्याची. तसंही नाही. कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीसाठी कलम ३२ ओ आहे. त्यात स्वतः कसणाऱ्या कुळाला वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत जमीन खरेदीचा हक्क मागता येतो. त्यासाठी मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवावं लागतं, किंमत भरावी लागते. कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तहसीलदारांचा, कलम ७० ब खाली. दिवाणी न्यायालयाला तो मुद्दा स्वतः ठरवता येत नाही, तिथून प्रकरण तहसीलदारांकडेच पाठवलं जातं. त्यामुळे "लिहून घेणार (म्हणजे कसणारा) कूळ नाही, कधी कुळाचा हक्क सांगणार नाही" ही ओळ कराराच्या कागदात ठळक टाइप केली तरी ती शेवटचा शब्द ठरत नाही. प्रत्यक्षात कोण कसतंय, कशाच्या मोबदल्यात कसतंय, हे बघितलं जातं. अकरा महिन्यांची युक्तीही इथे कामाची नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही एवढाच तिचा उपयोग. कुळाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग सरांनी जमीन द्यायचीच नाही का? माझं मत वेगळं आहे. माझ्यासमोर कुळाच्या हक्काचे जे दावे आले, त्यातले बहुतेक जुन्या नोंदींवरचे होते, पीकपाहणीत वर्षानुवर्षं दुसऱ्याचं नाव लागलेलं आणि मालकाने गावात पाऊलही न टाकलेलं. जिथे मुदत लिहिलेली, पैसे बँकेतून दिलेले आणि मालक वर्षातून चार वेळा रानात येतो, तिथे भांडण क्वचितच उभं राहिलं. कागद नसला म्हणजे मालक सुटला, असं सरांना वाटतंय. खरं तर कागद नसेल तेव्हाच वाटेल ती वहिवाट वाटेल तितक्या वर्षांची म्हणून सांगता येते.

आणि तुम्हाला एक स्पष्ट सांगतो. ३२ ओ तुमच्या हातात आहे म्हणून ते वापरायचा विचार मनात असेल तर सरांकडे जाऊच नका. एका पोराने असं केलं की त्या गावात पुढची वीस वर्षं कुणाला जमीन मिळत नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला, तो याच कोंडीमुळे. त्यात मालकाची मालकी शाबूत आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क, अशी मांडणी होती. पण तुम्हाला आजच्या कायद्यात राहूनच व्यवहार करायचाय. या जुन्या कायद्यात खंडाची कमाल मर्यादा किती आहे ठाऊक आहे? आकाराच्या (सरकारी शेतसाऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी वीस रुपये, यातलं जे कमी ते! आज बांधावरच्या बाभळीची सावलीही त्या भावात कुणी देणार नाही.

डाळिंबाबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट आहे. कलम ४३ अ खाली ऊस, फळं आणि फुलं यांच्या लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांना खरेदीच्या हक्काची बरीचशी कलमं लागू होत नाहीत. त्याला अटी आहेत, त्या कुळकायद्याची कामं करणाऱ्या वकिलाकडून समजून घ्या. पण याचा अर्थ असा की कांद्यापेक्षा डाळिंबाचा दीर्घ करार सरांना कायद्याच्या दृष्टीने कमी भीतीचा आहे. तरीही पहिल्याच वर्षी बाग लावू नका. बाग म्हणजे दहा-बारा वर्षांचं नातं, आणि आधी एकमेकांचा हिशोब पाहिलेला बरा.

सही करण्याआधी सातबारा काढा आणि निवांत वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे पहिलं. वर्ग २ असेल, म्हणजे इनाम-वतनाची, सीलिंगची (कमाल जमीन मर्यादेच्या कायद्यातली) किंवा सरकारने दिलेली, तर परवानगीशिवाय पट्ट्याने देणं हा शर्तभंग होऊ शकतो आणि त्यात जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'कलम ४३ ला अधीन' असा शेरा असेल तर सरांच्याच वडिलांना ती कुळ म्हणून मिळालेली आहे, तिथेही परवानगीचा प्रश्न येतो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ आहे : पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. तुमच्या बाबतीत हा प्रश्न नसावा, पण अकोले तालुक्यातल्या कुणी हे वाचलं तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

सातबाऱ्यावर सरांचं एकट्याचं नाव आहे का, हेही बघा. बहुतेक वेळा नसतं. भाऊ, मयत भावाची पत्नी, बहिणी, सगळे सामाईक असतात. सर म्हणतील, "माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही." असतील तसे. पण कांदा काढणीला आला की नगरहून एक जावई येतो आणि बायकोचा हिस्सा मागतो, हे मी पाहिलंय. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा सरांच्या नावे मुखत्यारपत्र, यातलं एक हवंच.

आता पैशाकडे येऊ. आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा एक एकर उन्हाळ कांद्याला ७०,००० रुपये खर्च येतो. त्यातले ५०,००० बियाणं, खत, औषध, मशागत, गोण्या यांचे, आणि २०,००० ची मेहनत तुमच्या घरची. उत्पादन १०० क्विंटल धरू. खरिपातला मूग-बाजरी हिशेबात घेत नाही.

निव्वळ खंड एकरी २५,००० असेल, तर भाव क्विंटलला ६०० मिळाला की ६०,००० ची पट्टी (विक्रीची पावती), आणि तुम्ही ३५,००० ने खड्ड्यात. भाव १,००० असेल तर हातात ५,०००. भाव २,००० असेल तर १,०५,०००. सरांना तिन्ही वर्षी २५,००० च.

अर्धेलीत निविष्ठांचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत तुमची, माल निम्मा. भाव ६०० ला सरांना ५,००० सुटतात, तुम्ही १५,००० ने मागे. भाव १,००० ला सरांना २५,०००, तुम्हाला ५,०००. भाव २,००० ला सरांना ७५,००० आणि तुम्हाला ५५,०००. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. निम्मा-निम्मा म्हणायला न्यायाचा वाटतो, पण मेहनत हिशोबात धरली नाही की चांगल्या वर्षी पुण्यात बसलेला माणूस रानात राबणाऱ्यापेक्षा जास्त नेतो. अर्धेली करायचीच असेल तर मजुरीसुद्धा खर्चात धरा, घरच्या माणसांची रोजंदारी लिहा, आणि मग निम्मं करा.

मी सुचवतो तो मधला मार्ग असा. एकरी १५,००० पक्का खंड. एकरी विक्री एक लाखाच्या वर गेली तर वरच्या रकमेचा चौथा हिस्सा सरांना. भाव ६०० ला तुम्ही २५,००० ने मागे, १,००० ला १५,००० पुढे, २,००० ला ९०,००० पुढे. सरांना वाईट आणि मध्यम वर्षी १५,०००, चांगल्या वर्षी ४०,०००. निव्वळ खंडापेक्षा तुमचा खड्डा उथळ होतो, सरांचा चांगल्या वर्षातला आनंद शाबूत राहतो, आणि सरांना खताच्या गोण्यांच्या पावत्या तपासत बसावं लागत नाही. फक्त विक्रीच्या पट्ट्या बघायच्या.

कांद्यात हे महत्त्वाचं का, ते तुमच्या तालुक्याला सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ पर्यंत राहिली. त्या हंगामात ज्यांनी दिवाळीआधीचे भाव बघून चढा खंड कबूल केला होता, त्यांनी दिल्लीच्या निर्णयाचं ओझं एकट्याने वाहिलं. पीक तुमच्या हातात आहे, भाव नाही. जे हातात नाही त्याची जोखीम दोघांत वाटली गेली पाहिजे.

यातूनच पुढचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात नाजूक आहे : कांदा कधी विकायचा हे कोण ठरवणार? एप्रिलमध्ये काढलेला कांदा साठवणीच्या चाळीत भरला तर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबता येतं, पण वजन घटतं, सडतो, मोड येतात. सरांना पेन्शन आहे, ते थांबू शकतात. तुम्हाला दुकानदाराची उधारी आहे, तुम्ही थांबू शकत नाही. वाट्याच्या व्यवहारात मी पाहिलेली निम्मी तरी भांडणं इथली आहेत; जमिनीवरून नाही, चाळीवरून. "तू घाईने विकलास" आणि "तुम्ही थांबवलंत म्हणून सडला". म्हणून करारात लिहा की निम्मा माल काढणीनंतर महिन्याभरात विकायचा, उरलेला कधी विकायचा हे तुम्ही ठरवाल आणि चाळीतली घट ज्याच्या मालात होईल ती त्याची. माझ्या मधल्या मार्गात सगळा माल तुमचाच असतो, त्यामुळे हा वाद निम्मा तिथेच मिटतो. फक्त वाढीव हिस्सा कोणत्या विक्रीवर, हे ठरवावं लागतं. सोपं ठेवा : ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज, हमाली-तोलाई वजा जाता.

पट्टी आडत्याकडून ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी फोटो काढून सरांना पाठवा. विश्वास आहे म्हणून पाठवायची गरज नाही, असं म्हणू नका. मालक दूर असला की गावातलं कुणीतरी त्याला फोन करून सांगतंच, "तुमच्या रानात यंदा कांदा नुसता फुटला होता." तो फोन येण्याआधी तुमचा फोटो पोचलेला असावा.

शेणखताबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्य विचारलंत. आमच्या भागातल्या वाट्याच्या जमिनी बघितल्या की लांबूनही ओळखू येतात. कडक झालेल्या, बांध उसवलेले, कडेला काँग्रेस गवत. कारण एक वर्षाचा वाटेकरी युरिया टाकतो, शेणखत टाकत नाही. त्याचा दोष नाही. शेणखताचं फळ दोन-तीन वर्षं मिळतं आणि त्याला पुढच्या पाडव्याला रानात उभं करतील की नाही, हेच माहीत नसतं. कुळाच्या भीतीने मालक दरवर्षी माणूस बदलतो, आणि जी जमीन वाचवायला तो हे करतो तीच मरते. सरांना पटवायचं असेल तर हा मुद्दा मांडा, कायद्याची कलमं नंतर.

करारात यासाठी दोन गोष्टी घाला. सुरुवातीला माती परीक्षण करा आणि अहवाल कराराला जोडा, सेंद्रिय कर्बाचा आकडा त्यात असतोच. शेवटी पुन्हा करा. दुसरी गोष्ट, खताची परतफेड. ज्या वर्षी शेणखत घातलं त्यानंतर एकच वर्ष वापरायला मिळालं आणि करार संपला, तर खताच्या आणि वाहतुकीच्या खर्चाचा निम्मा हिस्सा सरांनी द्यायचा. दोन वर्षं मिळाली तर काही नाही. ट्रॉल्या किती, कुणाकडून, कितीला, हे त्याच दिवशी सरांना कळवायचं. ठिबकचं असंच : जमिनीखालची मुख्य लाइन जागेवर राहील, नळ्या आणि फिल्टर तुमचे, ते तुम्ही घेऊन जाल. ठिबकचं अनुदान सातबारा ज्याचा त्याच्या नावावर येतं, म्हणून अर्ज सरांनी करायचा आणि अनुदानाची रक्कम खंडातून वळती करायची, हेही लिहा. बोअर घेणं, झाड तोडणं, मुरूम उचलणं, यातलं काहीही सरांच्या लेखी होकाराशिवाय नाही. व्हॉट्सॲपवरचा होकार चालेल, पण लेखी.

सरकारी पैशाचं मात्र सावध ऐका. अतिवृष्टी-गारपिटीची नुकसानभरपाई पंचनाम्यानंतर खातेदाराच्या खात्यात जमा होते. पीक तुमचं झोपलेलं आणि पैसे सरांच्या खात्यात, अशी ती तऱ्हा. पंचनामा करताना आम्ही सातबारा बघतो, घाम कुणाचा ते नाही. म्हणून करारात स्पष्ट ओळ हवी : पिकाच्या नुकसानीपोटी आलेली कोणतीही रक्कम पिकाचा खर्च ज्याने केला त्याची, पंधरा दिवसांत वर्ग करायची. जमीन खरवडून गेल्याची वेगळी भरपाई आली तर ती सरांची. २०२३ मध्ये राज्य सरकारने कांद्याला क्विंटलला ३५० रुपये सानुग्रह अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधल्या विक्रीसाठी. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागत होती. पट्टी एकाच्या नावे, सातबारा दुसऱ्याच्या, अशा वाटेकऱ्यांची तेव्हा किती धावपळ झाली, ते तुमच्या बाजार समितीतल्या कुणालाही विचारा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, ऑगस्ट २०२१ पासून आहे. सरांच्या खात्यावर सरांच्या संमतीने कांद्याची नोंद प्रत्येक हंगामात वेळेत करा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि शेवटच्या तारखेला सर्व्हर चालत नाही.

पीएम किसानचे पैसे मालकी हक्कावर मिळतात, कसण्यावर नाही. तुमच्या दोन एकरांवर तुम्हाला ते मिळत असतील. सरांच्या सहावर तुम्हाला मिळणार नाहीत आणि दरमहा दहा हजार किंवा जास्त पेन्शन असल्यास सरांनाही नाहीत. त्यावरून वाद घालण्यासारखं काही नाही. फार्मर आयडीचंही तेच, तो तुमच्या स्वतःच्या जमिनीवरचाच.

पीकविमा मात्र कसणाऱ्याला काढता येतो, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, नोटरीचा नाही. कांद्यासारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत असतो. सरांनी स्वतःच्या नावाने त्याच जमिनीचा विमा काढलेला नाही ना, हे आधी विचारा. दोघांनी काढला की दोघांचाही अडकतो.

कर्जाबद्दल. किसान क्रेडिट कार्ड वाटेकऱ्यांना आणि तोंडी करारावर कसणाऱ्यांनाही देता येतं, असं नियम सांगतात. शाखेत गेल्यावर मात्र पहिला प्रश्न "सातबारा कुणाचा?" हाच येतो. दोन वाटा आहेत. एक, तुमच्या दोन एकरांवर जे मिळतं ते पूर्ण घ्या. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, तो ठाऊक ठेवून बोला. दुसरी, गावातले तुमच्यासारखे वाट्याने करणारे चार ते दहा जण मिळून संयुक्त देयता गट करा. नाबार्डने ही पद्धत अशाच लोकांसाठी पुढे आणली. त्यात एकमेकांची हमी असते आणि सरांच्या सातबाऱ्यावर बोजा (कर्जाची नोंद) चढत नाही. ही दुसरी गोष्ट सरांच्या मुलाला दोनदा सांगा. 'बोजा' हा शब्द ऐकला की पुण्यातली माणसं फोन ठेवतात.

पाण्याचं थोडक्यात. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं चालू बिल सध्या सरकार भरतं, पण मागची थकबाकी सरांचीच, ती तुमच्या खंडात घुसू देऊ नका. मोटर जळाली तर रिवाइंडिंग तुमचं, नवी मोटर सरांची. विहिरीवर भावकीची पाळी असेल तर ती कुणाची, किती दिवसांनी, हे लिहा. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की सगळ्यांना आपापली पाळी आठवते.

शेवटी कागद. पहिल्या हंगामाच्या दोन एकरांसाठी साधा लेखी करार चालेल, पण विमा हवा असेल तर तोही नोंदवा. तीन वर्षांचा करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो, एक वर्षावरचा कोणताही. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून कपाटात ठेवायचे दिवस गेले. शंभरचा तर आता चालतही नाही, २०२४ पासून किमान पाचशेचा. पट्ट्याला मुद्रांक मुदतीनुसार बसतो, तो निम्मा-निम्मा वाटून घ्या. खंड रोख देऊ नका, बँकेतून द्या. निम्मा पेरणीआधी, निम्मा काढणीनंतर. सरांना करात अडचण नाही, शेतीसाठी दिलेल्या शेतजमिनीचा खंड हे शेतीचंच उत्पन्न धरतात. करार आपोआप पुढे चालू राहील, असं वाक्य टंकलेखक सवयीने घालतो, ते काढायला लावा. मुदत संपण्याआधी तीन महिने दोघांनी बसून ठरवायचं आणि नवा कागद करायचा. सर वयस्कर आहेत म्हणून त्यांच्या वारसांवर करार बंधनकारक राहील ही ओळ घाला, आणि मुलाची साक्षीदार म्हणून सही घ्या. साक्षीदाराला नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणणं जड जातं. तुमची पत्नी रानात तुमच्याइतकंच काम करत असेल तर लिहून घेणार म्हणून तिचंही नाव टाका.

मुदतीच्या तारखेचं मात्र विसरू नका. आपल्याकडे जमिनीची देवघेव पाडव्याला होते, आणि वकील ३१ मार्च लिहून मोकळे होतात. उन्हाळ कांदा तेव्हा रानात असतो, पात पडलेली नसते. करार ३१ मे रोजी संपेल असं लिहा, आणि चाळ सरांच्या जागेत बांधणार असाल तर चाळीपुरता ताबा ३१ ऑक्टोबरपर्यंत, वेगळ्या ओळीत.